चपला रांगेत, अक्षया कुठे

आरोग्यकेंद्राच्या ओट्यावर सात चपलांचे जोड, तीन पिशव्या, एक छत्री आणि एक नारळाची करवंटी होती. बारा वस्तू, भिंतीला धरून एकामागोमाग. उभी माणसं दोनच, तीही अनवाणी आणि गप्पांत रमलेली. भौतिकशास्त्र शिकून नुकतीच कोल्हापूरहून परतलेली अक्षया त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.

डोळ्यांचे डॉक्टर महिन्यातून एकदाच येत आणि पंधराच माणसं तपासत. आज बाबांना चष्मा मिळाला नाही, तर काजूची कलमं बांधायचा हंगाम हातचा जाणार होता. गेल्या आठवड्यात फांदीऐवजी त्यांनी स्वतःचं बोट कापून घेतलं होतं.

फोन वाजला. "रांगेत आसस मां गो? मगे महादूची रिक्षा घेवन येतंय."

"होय बाबा, रांगेत."

तेवढ्यात दोन बायका आल्या. एकीने करवंटीमागे पिशवी ठेवली, दुसरीने चपला काढल्या, आणि दोघी समोरच्या टपरीवर चहाला गेल्या. आता आपण त्यांच्या पुढे की मागे? अक्षयाने ओट्यावरच्या काशीबाईंना विचारलं.

"तू काय ठेवलंस?"

"मी सोताच उभी आसंय मां."

"उभो तो कुत्रो पण आसा!" काशीबाई हसल्या. "तू रांगेकडे आसस, चेडवा. रांगेत नाय. कायतरी ठेव आधी."

अक्षयाने घाईघाईने चपला काढून पिशवी-चपलांच्या मागे ठेवल्या. मग तिथेच घुटमळली.

"आता हय कित्याक ऱ्हवलंस? चपला आसत मां? जा, चाय घे."

टपरीवर पोचते तोच पुन्हा फोन. "तिठ्यार पोचलंय. रांगेत आसस मां?"

रांगेत म्हणावं, तर ती रांगेत नव्हती. रांगेजवळ म्हणावं, तर बाबांचा जीव वरखाली व्हायचा. रांगेबाहेर म्हटलं, तर ते रिक्षाच परत फिरवायचे.

"चपला रांगेत आसत," ती शेवटी म्हणाली.

"आणि तू?"

"मी टपरीर."

"मगे बरा," बाबा म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.

डॉक्टर आल्यावर जो तो आपापल्या वस्तूपाशी गेला. अक्षयाच्या चपलांपाशी बाबा उभे राहिले, पंधरावे. त्यांच्या मागच्या पिशवीच्या धन्याला पुढच्या महिन्यात बोलावलं.

डॉक्टरांनी बाबांची नजर मोजून कागदावर लिहिली: उजवा डोळा सहा बाय छत्तीस, डावा सहा बाय अठरा, आणि खाली चष्म्याचा नंबर.