धुळाजीचा तळहात

मोमिनाबाद म्हणजे आताचं आंबेजोगाई. तिथल्या रिसाल्याच्या जुन्या बराकी जर्मनच्या पहिल्या लढाईत पुन्हा भरल्या, पण घोड्यांनी नव्हे, जखमी माणसांनी. सुवेजकडून आलेले शिपाई, सईस, भिश्ती खाटांना खाट लावून पडलेले असत. दवाखान्यात एक फोटोवालाही होता, पण त्याच्या काचेवर सगळं काळं-पांढरंच उमटे. जखम लाल आहे की निळी पडली, पू पिवळा की हिरवट, हे हैद्राबादच्या मोठ्या डॉक्टरांना कळवायचं तर रंग पाहिजेत. म्हणून गावातल्या म्हाळू चिताऱ्याला जखमांची चित्रं काढायला ठेवलं. तो प्लेगात गेला, आणि त्याचे कुंचले घेऊन त्याची बायको जानकीबाई बराकीत येऊन बसली.

गाव काय बोललं असेल ते सांगायला नको. विधवा बाई, परक्या पुरुषांच्या उघड्या मांड्या बघत बसते म्हणे. पाणवठ्यावर एकीने तोंडावरच टोमणा मारला, तेव्हा जानकीबाईने घागर भरली, डोक्यावर घेतली आणि मग सांगितलं, "तुझा नवरा जखमी होऊन आला की माझ्याकडंच येणार हाय. तवा सांगीन कसा दिसला ते." पुन्हा कुणी तोंडावर बोललं नाही.

तिच्या सासरचा एक रिवाज होता. गौरीचा मुखवटा असो, देवळाची भिंत असो, डोळे शेवटी काढायचे. डोळे उघडले की कुंचला धुऊन ठेवायचा. त्यानंतर चित्राला हात लावणं म्हणजे जित्या माणसाच्या अंगाला हात लावणं. गावात हे पोराटोरांना ठाऊक होतं. दवाखान्याचे डॉक्टरसाहेब पडले औरंगाबादेकडचे, त्यांना कुठून ठाऊक असणार? जबडा फुटलेल्या एका शिपायाचं चित्र त्यांनी डोळे काढायच्या आतच तिच्या हातातून ओढलं, तर बाईने कागदाचं दुसरं टोक सोडलं नाही. आणि डोळे काढून झाल्यावर त्यांनी नाक थोडं आखूड करायला सांगितलं, तर तिने कुंचलाच उचलला नाही. डॉक्टर हसले. मनाने बरे होते, फक्त वरच्यांना फार भीत. त्यांनी तोडगा काढला की तोंडं काढूच नका, नुसती जखम काढा, म्हणजे भांडणच मिटलं. तेव्हापासून जानकीबाई गुडघे, खांदे, पोटऱ्या काढत आली. डोळे नाहीत.

मग युसूफ वडगावचा धुळाजी आला. रिसाल्यात सईस होता, घोडे सांभाळायचा. गोळी उजव्या तळहातातून आरपार गेलेली. तिने समोर बैठक मांडली, तशी त्याने मस्करी सुरू केली. "बाई, रेषा नीट काढा. धनरेषा तर गोळीनंच नेली. आता जोशी तरी काय सांगल?"

गोळी हातालाच कशी लागली, असं तिने विचारलं. घोडं भडकलं होतं, तो लगाम उंच धरून उभा होता, गोळीने लगामही तोडला आणि हातही, असं त्याने सांगितलं. "घोडं मातर वाचलं. लई गुणाचं घोडं," म्हणाला, आणि मग बराच वेळ घोड्याबद्दलच बोलत राहिला.

फौजेच्या कप्तानाचं म्हणणं निराळं होतं. हाताला जखम झाली की घरी जायला मिळतं, अशी आवई गावोगाव उठली होती आणि भरतीला माणूस मिळेना. कुणाला तरी धडा शिकवायचा होता. धुळाजीने स्वतःच गोळी मारून घेतली असं ठरलं, तर त्याला कित्येक वर्षांचा तुरुंग होता. आणि ते ठरणार होतं हैद्राबादला धाडायच्या चित्रावरून. डॉक्टरांनीच तिला पूर्वी समजावलं होतं, की बंदूक जवळ धरून मारली तर दारू कातडीत शिरते आणि गोंदणासारखी कायमची काळी राहते. धुळाजीचा तळहात कडेने स्वच्छ होता. तिने तसाच काढला.

दुपारी डॉक्टरांनी तिला व्हरांड्यात बोलावलं. बोलताना ते स्वतःच्या बुटांकडे बघत होते.

"बाई, जखमेच्या कडेला चार काळे ठिपके द्या."

"तिथं न्हाईत."

"मला माहीत आहे."

डॉक्टर सांगत राहिले, की सकाळी कप्तान स्वतः कागद न्यायला येतोय. तिचा अंगठा आणि त्यांची सही लागते. नाही म्हटलं तर तिचं काम जाईल आणि त्यांची बदली कुठे होईल ते देवच जाणे. जानकीबाईने कागद उचलला आणि पुन्हा धुळाजीच्या खाटेपाशी जाऊन बसली. काय करायला सांगितलंय ते त्याला सरळ सांगून टाकलं.

त्याची मस्करी बंद झाली. म्हणाला, "घाला ठिपके. न्हाईतर तुमची चूल इझल."

"माझी चूल मी बघीन. तू माझ्याकडं बघ."

तळहाताच्या वर तिने त्याचा चेहरा काढला. वाढलेली दाढी, पटक्याखालचा घामाचा पट्टा, सगळं. ऊन कलताना डोळे काढले, समोर रोखून बघणारे. मग कुंचला धुतला आणि कागदाखाली अंगठा उठवला.

सकाळी कप्तानाने ते पाहिलं आणि त्याचं तोंड लाल झालं. चेहरा कुणी मागितला, ठिपके कुठे आहेत, हे सगळं त्याने डॉक्टरांना विचारलं, जणू बाई तिथे नव्हतीच. डोळे उघडलेत, आता आपला हात लागणार नाही, एवढंच तिने सांगितलं. तेव्हा कप्तानाने कुंचला काजळीत बुडवून डॉक्टरांच्या हातात दिला. बाई नको तर तुम्ही घाला म्हणाला.

"घाला, साहेब," जानकीबाई म्हणाली. "पर त्याच्याकडं बघून घाला."

डॉक्टर कागदावर वाकले. कुंचल्याच्या टोकाला काजळीचा थेंब जमू लागला. कागदातला धुळाजी त्यांच्याकडे बघत होता, आणि खाटेवरचा धुळाजीही. थेंब पडायच्या आत त्यांनी कुंचला पाण्याच्या वाटीत सोडला, खिशातून टाक काढला आणि अंगठ्याशेजारी सही केली.

धुळाजीवरचा आळ त्या चित्राने उडाला. तो वाकड्या बोटांनिशी वडगावला गेला. डॉक्टरांची बदली झाली. जानकीबाईला त्याच सकाळी हुकूम झाला, की संध्याकाळच्या आत बराक सोडायची.

संध्याकाळला अवकाश होता. तिने कोळसा, गेरू आणि काजळी घेतली, रिकामी खाट भिंतीला लावली आणि तिच्यावर चढली. पांढऱ्या भिंतीवर तिने हात काढले, तिथे पडलेल्या सगळ्यांचे, तुटलेले, वाकलेले, स्वच्छ कडांचे. हातांच्या वर ज्याचा त्याचा चेहरा. जखमी माणसं खाटेवर बसून आपापली तोंडं वळवून देत होती. सगळ्यांचे डोळे तिने एकदमच शेवटी उघडले, आणि कुंचले धुऊन घरी गेली.

भिंतीला चुना फासायला कप्तानाने बंकट चुनेवाल्याला बोलावलं. बंकट बादली घेऊन आला, भिंतीकडे बघितलं आणि बादली खाली ठेवली. "डोळं उघडल्यात, साहेब. मी न्हाई लावायचा." घाटनांदूरहून दुसरा आणला, तोही बघून परत गेला. तालुक्यात हात लावणारा माणूस मिळेना. शेवटी कप्तानाने भिंतीपुढे औषधांची कपाटं लावून घेतली. हात झाकले गेले. पण चेहरे कपाटांच्या वरून दिसतच राहिले. खाट लावून चढली होती ती काय उगाच?