सँडविचच्या कागदामागची सही

"बर्फ गुडघाभर आहे आणि वेन्डल काही येत नाही," बुटाच्या नाड्या आवळत आर्डिस म्हणाली. माझी कंबर धरलेली, म्हणून मी खिडकीत बसून नुसता चरफडत होतो.

वेन्डल आमचा शेजारी. एकवीस हिवाळे त्याने ट्रॅक्टर आणून आमची वाट मोकळी केली, कधी बोलवावं लागलं नाही. ऑक्टोबरात तो आणि माझी बायको एकाच खटल्यात ज्युरीवर, म्हणजे निकाल देणाऱ्या बारा गावकऱ्यांत, बसले. ही शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढलेली बाई. आदिवासी वस्तीवरच्या क्लिफर्डने धान्याचं गोदाम पेटवलं, असा आरोप होता. बाराही जणांचं एकमत झालं तरच निकाल. पहिल्या तासातच 'दोषी' म्हणून अकरा हात वर गेले, त्यात आर्डिसचाही होता. एका तरुण बाईला तेवढी शंका होती.

तिला वेन्डल म्हणाला, "पुरावा कसला बघतेस? त्या वस्तीवरचे सगळे तसलेच."

दोघंतिघं हसले. आर्डिसला हसू आलं नाही. माणूस कुठला ते बघू नका, पुरावा बघा, असं न्यायाधीशांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. दुपारी कोणाला कुठलं सँडविच हवं तो कागद कोर्टाचा शिपाई, बेलीफ, घेऊन जायचा. त्या कागदाच्या मागे तिने वेन्डलचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं, खाली सही ठोकली आणि तो न्यायाधीशांना द्यायला सांगितला. न्यायाधीशांनी एकेकाला आत बोलावून विचारलं. वेन्डलला घरी पाठवलं, बदली माणूस बसवला आणि चर्चा पहिल्यापासून सुरू झाली.

तीन दिवस ते एकेक कागद वाचत बसले. त्या तरुण बाईचीही शंका फिटली, आणि निकाल लागला तो दोषी असाच.

मग काय, गावाने हिला धारेवर धरलं. चर्चमध्ये आमच्या बाकावर कोणी बसेना. खोटं कशाला बोलू, मीही तोंड सोडलं. निकाल तोच लागायचा होता, तर शेजारी कशाला तोडलास, म्हणालो.

"तेव्हा मला ते कुठे माहीत होतं?" ती म्हणाली. "आता क्लिफर्डची आई दुकानात भेटली, तर मला मान खाली घालावी लागत नाही."

 

दुपारपर्यंत तिने फावड्याने दारापासून रस्त्यापर्यंत एका माणसापुरती वाट काढली. तेवढ्यात समोरच्या रस्त्यावरून वेन्डलचा ट्रॅक्टर आला. त्याने मान वळवली नाही. आर्डिसने मात्र दर हिवाळ्यात करायची तसाच त्याला हात केला.  ट्रॅक्टर वळणाआड गेला, तशी ती वाकली आणि वाट रुंद करायला लागली.