पिशवीवरचं पान

उंदरांनी पिशव्या खाणं सोडलं, तेव्हा धाकट्या दिराने कारखान्यात सगळ्यांना चहा पाजला. वहिनींनी घेतला नाही.

मक्याच्या पिठापासून पिशव्या बनवणाऱ्या या कारखान्यात दोघांची अर्धी अर्धी भागीदारी. पिठाचे, वितळवून पिशवी करायचे दाणे कसे बनवायचे ते वहिनींच्या डोक्यात, पिशव्या कुणाच्या गळ्यात मारायच्या ते दिराच्या जिभेवर. मातीत पुरली की पिशवी कुजायची. अडचण एवढीच, की पुरण्याआधी ती उंदरांना आवडायची. गोदामाच्या दाराखालची फट बुजवा, म्हणून वहिनी कानीकपाळी ओरडत होत्या. पण त्यासाठी गवंडी बोलवावा लागतो.

आता फट तशीच, उंदीर तसेच, पिशव्या मात्र अखंड. वहिनींनी एक ताणून पाहिली. फाटेना.

"भाऊजी, दाण्यांत काय मिसळलंत?"

"थोडंसं साधं प्लॅस्टिक. चवीपुरतं."

"चव गेली म्हणूनच उंदीर तोंड लावत नाहीत. ही आता कुजेल?"

"कुजेल की! नातवंडांच्या नातवंडांनी बघावं."

"आणि यावर आपलं 'कुजणारी पिशवी'चं हिरवं पान छापायचं?"

"बिस्किटवाल्यांना पानच तर हवंय!"

"म्हणजे लोकांच्या तोंडाला पानं पुसायची. तीही माझ्या हाताने."

दीर खो खो हसला. वहिनी कधी नव्हे ते विनोद करतायत, असं त्याला वाटलं. वहिनींनी छपाईच्या मशीनवरून पानाचा रबरी ठसा सोडवला, शाई पुसली आणि स्वतःच्या पिशवीत जेवणाच्या डब्याशेजारी ठेवून दिला.

दुपारी बिस्किटवाले आले. वर्षभराची ऑर्डर घेऊनच आले होते. मजबुती पाहून खूश झाले.

"पान कुठंय?"

"वहिनींकडे," दीर म्हणाला. चोर दाखवावा तसा.

"अहो बाई," बिस्किटवाले समजुतीने म्हणाले, "पिशवी कुजते का, हे बघायला वेळ आहे कुणाला? माणूस पान बघतो, बिस्कीट खातो आणि पुण्य लागलं म्हणून गाढ झोपतो."

"झोपू दे. माझ्या पानाखाली नको."

"नवा ठसा करून घेऊ," दीर पुटपुटला.

"जरूर घ्या. मी बिस्किटांच्या दुकानासमोर खुर्ची टाकून बसते. येईल त्याला सांगते, यात काय मिसळलंय ते."

बिस्किटवाले उठले. ऑर्डरही त्यांच्याबरोबर उठली.

"वहिनी, पायावर धोंडा मारून घेतलात!"

"अर्धा पाय माझा आहे, भाऊजी. तेवढ्यावरच मारलाय."

मग त्यांनी पिशव्यांचं मशीन रिकामं केलं, भेसळीचे दाणे बाहेर ओतले, स्वतःचे भरले. संध्याकाळपर्यंत नव्या पिशव्यांचा गठ्ठा गोदामात गेला.

सकाळी दिराची बोंब आली. "वहिनी! परत कुरतडल्या!"

वहिनी गेल्या. गठ्ठ्याचा एक कोपरा साफ झाला होता. तपासनीस कामावर परत रुजू झाले होते.

"पास," वहिनी म्हणाल्या आणि ठसा काढून छपाईच्या मशीनवर चढवू लागल्या. "आता तरी गवंडी बोलवा."