मावशीचं समालोचन

समालोचकांच्या खोलीला खोली म्हणायचं ते केवळ तिला दार होतं म्हणून. जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमध्ये, प्रेक्षकांच्या सर्वात वरच्या रांगेमागे प्लायवूडच्या तीन भिंती उभ्या केल्या होत्या. समोर काच, काचेखाली टेबल, टेबलावर दोन मायक्रोफोन, दोन छोटे पडदे आणि कुणाची कुठली ते कधीच न कळणाऱ्या पाण्याच्या बाटल्या. डावीकडच्या खुर्चीत रेडिओकाका बसत. उभी हयात रेडिओवर गेल्यामुळे ते टीव्हीवरही सगळं सांगून मोकळे होत. मुलगी बीमवर चढली की ‘मुलगी बीमवर चढली’ असं म्हणत, मग ते अख्ख्या देशाला दिसत का असेना.

उजवीकडची खुर्ची मावशीची. तिला सगळं चॅनल मावशी म्हणे, पण खरी भाची एकच होती आणि आज ती खाली हॉलमध्ये हाताला खडूची पूड चोळत उभी होती. पंधरा वर्षांची. अंगाने इतकी बारीक की घरात तिला टाचणीच म्हणत. तिची आई, म्हणजे मावशीची धाकटी बहीण, तिची प्रशिक्षक. हॉलमध्ये आईला ‘मॅडम’ म्हणायचं, असा त्या घरचा कडक कायदा होता आणि टाचणी तो दिवसातून चारदा मोडत असे.

मावशी स्वतः एकेकाळची जिम्नॅस्ट. एकोणिसाव्या वर्षी गुडघा गेला, मग तिने पंचांची परीक्षा दिली आणि तिथून मायक्रोफोनपुढे आली. तिचा डोळा तयार होता, यात वादच नाही. पण तीन वर्षांपूर्वी टाचणी पहिल्यांदा पडद्यावर आली तेव्हा मावशीने तोंडभरून कौतुक केलं, आणि दुसऱ्या दिवशी कुणा प्रेक्षकाने चॅनलला लिहिलं, ‘भाचीचं कौतुक घरी करा.’ एवढं एकच वाक्य. बाई जी धसकली ती धसकलीच. तेव्हापासून तिने स्वतःला शिस्त लावून घेतली: भाची आली की आधी दोष बोलायचे, मग कौतुक, आणि तेही हातचं राखून. बाकीच्या मुलींना ती डोळ्यांनी बघे. भाचीला बघताना डोळ्यांच्या आधी जीभ चाले. यालाच ती निःपक्षपातीपणा म्हणत होती, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचा थोडा अभिमानही होता.

आज पात्रता फेरी होती. बीमवरच्या पहिल्या आठजणी अंतिम फेरीत जाणार, आणि त्या आठजणींनाच राष्ट्रीय संघाच्या शिबिराचं बोलावणं येणार. बाकीच्या साधनांवर टाचणीची डाळ शिजली नव्हती. वर्षभराच्या मेहनतीतून आता हे बीम तेवढं उरलं होतं, दहा सेंटीमीटर रुंदीची आडवी पट्टी.

“मुलगी बीमवर चढली,” रेडिओकाका म्हणाले.

टाचणी छान करत होती. उलटी कोलांटी मारून ती बीमवर अशी टेकली की बीमचा आवाजसुद्धा झाला नाही. मग दूरच्या टोकाला गेली आणि एका पायाच्या चवड्यावर तिने दोन फेऱ्यांची फिरकी घेतली. आई दुसऱ्या टोकाला उभी होती, तिला तिथून नुसती लेकीची पाठ दिसत होती.

“दोन फेऱ्या करायच्या होत्या, थोडी कमी पडली,” मावशी म्हणाली.

“कमी पडली?”

“टाच आधीच खाली आली. पंच हिला दीडच फेरी देतील.”

टाचणीने शेवटची उडी मारली, पाय जमिनीला चिकटले, दोन्ही हात वर गेले. हॉलमध्ये टाळ्या झाल्या. पडद्यावर फिरकी पुन्हा दाखवायला लागले. मावशी त्या वेळी कागदावर काहीतरी लिहीत होती.

“हो, इथे दिसतंय बघा. कमीच आहे,” ती म्हणाली. तिने मान वर करून बघितलंच नव्हतं.

खाली प्रशिक्षकांच्या बाकाशेजारी चॅनलने एक टीव्ही ठेवला होता, आवाजासकट. टाचणी त्याच्यासमोर धापा टाकत बसली होती. गुण आले: १२.१६६. नववी. आठव्या मुलीचे १२.२३३ होते. कसरतीच्या अवघडपणासाठी मिळायचे त्यातले दोन दशांश कापले गेले होते, बरोबर त्या फिरकीचे.

“पंचांनीही तेच पाहिलं! मावशींचा डोळा म्हणजे डोळा!” रेडिओकाका म्हणाले.

काचेतून मावशीला खालचं सगळं दिसत होतं. बहीण हातात हरकतीचा फॉर्म घेऊन उभी राहिली होती. तिने टाचणीला काहीतरी विचारलं. टाचणीने नकारार्थी मान हलवली. बहिणीने फॉर्म घडी करून खिशात टाकला आणि ती बसली.

तेवढ्यात कानातल्या यंत्रातून निर्माता बोलला. “मावशी, मागच्या कॅमेऱ्याचं चित्र मिळालंय. बघा जरा.”

आता मात्र मावशीने बघितलं. चित्र अगदी संथ लावलं होतं. टाचणीची कंबर फिरत आली, पूर्ण समोर आली, आणि त्यानंतर, चांगली त्यानंतर, टाच खाली टेकली. दोन फेऱ्या पूर्ण. शंकेला जागाच नव्हती.

नियम साधा होता. हरकत घ्यायची तर पुढच्या मुलीचे गुण लागायच्या आत. पुढची मुलगी, जी दिवसातली शेवटची होती, बीमवर चढली होती.

हे सगळं मावशीला मुखपाठ होतं, तरी ती गप्प बसली. आता शब्द फिरवला तर लोक म्हणणार, भाची नववी आली तशी हिला फिरकी पूर्ण दिसली. तीन वर्षांची कमाई पाण्यात जाणार. आणि गप्प बसलं तर? पंचांनी कापलेच होते गुण. तिच्याकडे कुणी बोटही दाखवणार नव्हतं.

शेवटची मुलगी बीमवरून पडली. पडल्यावर पुन्हा चढायला दहा सेकंद मिळतात. ती हाताला पूड लावत उभी राहिली. मावशीला स्वतःचीच लाज वाटली. बाकाच्या टोकाला टाचणी पाठीचं पोक काढून बसली होती, आणि मावशी इथे बसून लोक काय म्हणतील त्याचा हिशेब करत होती.

तिने मायक्रोफोन जवळ ओढला.

“मला एक सांगायचंय. मी चुकले. मघाच्या फिरकीच्या दोन्ही फेऱ्या पूर्ण होत्या. मी कमी म्हणाले, आणि पुन्हा दाखवली तेव्हा तर न बघताच म्हणाले. ती माझी सख्खी भाची आहे. पक्षपात नको म्हणून मी तिच्यात आधी चूक शोधते. आज नव्हती तरी शोधली.”

रेडिओकाकांनी समोरची पाण्याची बाटली तिच्याकडे सरकवली.

खाली बहिणीने टीव्हीकडे पाहिलं, मग वर काचेकडे. मग उठली आणि पंचांच्या टेबलाकडे निघाली. हॉलमध्ये प्रशिक्षकांनी पळायचं नसतं, म्हणून ती फक्त पळल्यासारखं चालत होती. शेवटची मुलगी आणखी एकदा पडली, पुन्हा चढली, उतरली. तिचे गुण लागायच्या आत मुख्य पंचांनी हात वर केला. हरकत दाखल झाली. पंचांनी मागच्या कॅमेऱ्याचं चित्र दोनदा पाहिलं, ते आपसात कुजबुजले, आणि फलकावरचा आकडा बदलला: १२.३६६. सातवी.

मावशीचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळपर्यंत कौतुकाचा नुसता पाऊस. एका बातमीच्या साइटने मथळा दिला, ‘समालोचिकेची जाहीर कबुली, भाची अंतिम फेरीत’. खाली कुणीतरी लिहिलं होतं, अशी प्रामाणिक माणसं आता राहिली नाहीत. रेडिओकाकांनी तो मजकूर तिला तीन वेळा पाठवला, कारण त्यांना आधीचा गेला की नाही ते कळत नसे. मावशीला बरं वाटलं. का वाटू नये? सगळं निस्तरलं होतं.

सरावाच्या छोट्या हॉलमध्ये ती टाचणीला भेटायला गेली. बहीण उद्याचा क्रम आणायला गेली होती. टाचणी मॅटवर बसून मनगटाची पट्टी सोडत होती.

“सातवी!” मावशी म्हणाली.

“हो ना.” टाचणी हसली. मग पट्टी गुंडाळत म्हणाली, “आईनं मला विचारलं होतं, मावशी. फिरकी पूर्ण झाली का म्हणून. मी नाही म्हटलं.”

“का गं? तुला जाणवलं नाही?”

“जाणवलं की. पूर्ण झाली असंच वाटलं होतं. पण मग टीव्हीवर तू म्हणालीस.”

मावशी तिच्याशेजारी मॅटवर बसली. गुडघा दुखत होता तरी बसली.

“मागच्या वर्षी,” टाचणी म्हणाली, “शेवटच्या उडीत हवेत माझे गुडघे फाकले, असं तू सांगितलं होतंस. मग मी वर्षभर गुडघ्यांवरच घाम गाळला. आईला ते दिसत नव्हतं, पण मी म्हटलं, मावशीला दिसलंय म्हणजे असणार.” तिने पट्टी बाजूला ठेवली. “ते खरंच फाकले होते?”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मावशीला सोपं गेलं असतं. तिने मागच्या वर्षीची उडी आठवायचा प्रयत्न केला. तिला स्वतःचं वाक्य आठवलं, शब्दन् शब्द. उडी आठवेना.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली. इतकं वाईट उत्तर तिने आजवर कुणाला दिलं नव्हतं, पण दुसरं खरं उत्तर तिच्यापाशी नव्हतं.

टाचणीच्या फोनमध्ये त्या दिवशीची चित्रफीत होती. तिने ती लावली. लगेच मावशीचा ठणठणीत आवाज आला, ‘आधी दोषांबद्दल बोलू या...’ मावशीने हात पुढे करून आवाज बंद केला.

“आता तू बघ. काय दिसतंय ते सांग.”

टाचणीने बघितलं. पडद्यावरची मुलगी उडाली, वळली, उतरली. टाचणी मावशीच्या तोंडाकडे बघायला लागली.

“तू आधी सांग ना.”

“नाही. तूच.”

पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावली. चौथ्या वेळी टाचणीने बोटाने चित्र नेमकं मध्यावर थांबवलं, फोन नाकापाशी नेला आणि बराच वेळ बघत राहिली.

“जुळलेले आहेत,” ती हळूच म्हणाली. मग मान वर करून तिने विचारलं, “आहेत ना?”

हो म्हणायला मावशीचा जीव तळमळला. गुडघे जुळलेलेच होते, लख्ख दिसत होते. पण ते ‘हो’ही पुन्हा मावशीचंच झालं असतं. तिने चित्रफीत पुन्हा पहिल्यापासून लावली.