दुसऱ्या वहीतले नाव

आमच्या ख्रिस्ती मंडळीत एक जुना नियम आहे. प्रार्थनेच्या वहीत नाव एकदा लिहिले की ते आपल्या मनाने काढायचे नाही. ज्याच्यासाठी प्रार्थना चालू आहे त्याने, किंवा त्याच्या वतीने कोणीतरी, सभेत उभे राहून देवाचे उपकार मानले तरच त्या नावावर रेघ मारायची. नियम चांगल्या हेतूने केला असावा. पण आजारी माणूस प्रार्थनेची विनंती करायला जेवढ्या लगबगीने येतो, तेवढ्या लगबगीने बरा झालेला माणूस येत नाही. त्यामुळे नावे साठत गेली.

वही माझ्याकडे असते. अंबरनाथच्या एका कारखान्यात मी तीस वर्षे फायली सांभाळल्या, म्हणून हे काम मला दिले गेले. बुधवारी सात ते आठ प्रार्थनासभा. मी नावे वाचतो आणि बाकीचे आळीपाळीने मोठ्याने प्रार्थना करतात. मला मोठ्याने प्रार्थना करता येत नाही. छापलेली असली तर वाचतो. स्वतःच्या शब्दांत सुरू केली की दुसऱ्याच वाक्याला वाटते, हे आपण देवाला सांगतो आहोत की शेजारी बसलेल्या मालिनीबाईंना? मालिनीबाई पेटी वाजवतात आणि न थांबता वीस मिनिटे प्रार्थना करू शकतात. मंडळीने मला कधी आग्रह केला नाही. माझे वाचन स्पष्ट आहे, असे सगळे म्हणतात.

आमची सभेची खोली अंबरनाथ पूर्वेला, एका टाईल्सच्या दुकानाच्या वर आहे. जिना दुकानातूनच जातो. दुकानाचा मालक मुकेश उल्हासनगरचा सिंधी. आठ वाजले की तो जिन्याखालून हाक मारतो, "अंकल, शटर गिराऊं क्या?" त्याला घाईने म्हटलेले आमेन आणि खरे आमेन यांतला फरक ओळखता येतो.

मागच्या वर्षी मंडळीचे नवे धर्मगुरू म्हणून उन्मेष पाळक आले. तरुण आहेत, नीटनेटके आहेत. दोन महिने ऐकून घेतल्यावर ते मला म्हणाले, "काका, यादी जरा स्वच्छ करू या. आपण तिघांना लवकर बरे कर म्हणतो आहोत आणि ते तिघे केव्हाच गेलेत. परवा त्यातल्या एकाचा मुलगा समोर बसला होता."

"त्याने काही म्हटलं का?"

"तो आमेन म्हणाला. म्हणूनच सांगतोय."

मी जुने कागद शोधायला लागलो, तेव्हा घरातल्या कपाटात शब्दकोशांच्या मागे दुसरी वही सापडली.

पूर्वी दोन वह्या होत्या. पहिलीत आजारी माणसे आणि दुसरीत बाकीचे, म्हणजे नोकरी, लग्न, भावाभावांतली भांडणे, दारू. बुधवारी दोन्ही वाचायचो. लॉकडाऊन लागला, सभा फोनवर भरू लागली, आणि त्या दिवसांत सगळेच आजारी होते, त्यामुळे दुसऱ्या वहीची कोणाला आठवण झाली नाही. नंतर सभा पुन्हा खोलीत भरू लागली तेव्हा मी सवयीने एकच वही पिशवीत घातली. सहा वर्षे झाली. दुसऱ्या वहीतल्या सतरा नावांपैकी एकही सहा वर्षांत उच्चारले गेले नव्हते आणि हे कोणाच्याही लक्षात आले नव्हते. माझ्याही नाही, आणि वही माझ्याकडे होती.

मी एकेकाला फोन केले. बहुतेकांचे प्रश्न आपोआप सुटले होते, किंवा त्यांची त्यांना सवय झाली होती. एका मुलीच्या लग्नासाठी विनंती होती, तिचा मुलगा आता शाळेत जातो. शेवटी एकच नाव उरले, त्याच्यापुढे फोन नंबर नव्हता. 'हरिचंद्र, सोनिवली. दारू. विनंती करणाऱ्या : वेणूबाई.' वेणूबाई आमच्याच मंडळीतल्या. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेल्या. त्यांना विचारणे शक्य नव्हते, म्हणून मी एका रविवारी दुपारी बदलापूरला उतरून रिक्षाने सोनिवलीला गेलो.

नव्या इमारतींच्या मागे जुनी घरे अजून आहेत. हरिचंद्र ओट्यावर बसून पाण्याच्या मोटारीचा कसलासा भाग घासत होते. शेजारच्या इमारतीचा पंप तेच चालवतात. साठीचे असतील. मी नाव सांगितले, अंबरनाथच्या ख्रिस्ती मंडळीतून आलो म्हणालो, आणि रिक्षात पाठ केलेले वाक्य बोललो, "आपल्यासाठी प्रार्थना चालू ठेवायची की थांबवायची, एवढंच विचारायचं होतं."

त्यांनी हातातला भाग खाली ठेवला. "थांबवताय? का?"

"नाही, म्हणजे, गरज असेल तर..."

"सोडली म्हणून थांबवताय होय? कौसा, ऐकलंस का? बुधवारवाले आलेत. नाव काढतो म्हणतात."

त्यांच्या पत्नी कौसाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "अहो, त्यांना बसू तर द्या आधी. भाऊ, चहा घेता ना? आणि नाव-बिव काही काढू नका हां."

चहा होईपर्यंत हरिचंद्रांनी सगळे सांगितले. नऊ वर्षांपूर्वी वेणूबाई त्यांना म्हणाल्या होत्या, बुधवारी सात ते आठ अंबरनाथला सोळा माणसे तुझे नाव घेऊन बसतात, निदान तेवढा तास पिऊ नकोस, त्यांचा अपमान होतो.

"मला पटलं," हरिचंद्र म्हणाले. "सोळा माणसं आपल्यासाठी बसलीत आणि आपण इथं ग्लास घेऊन, बरं दिसत नाही. तीन वर्षं बुधवारी सात ते आठ थेंब नाही घेतला."

"आणि नंतर?"

"आठ पाचला घ्यायचो."

"मग सुटली कशी?"

"लॉकडाऊनच्या आधीची होळी, ती शेवटची. पुढच्या बुधवारी बसलो, आठ वाजले, उठावंसंच वाटेना. तिथनं नाही ती नाहीच."

मला वाटले ते मी बोलून टाकले. "तेव्हा दुकानं बंद होती ना."

"दुकानं बंद होती," कौसाबाई आतून म्हणाल्या. "दारू कुठं बंद होती?"

"दर बुधवारी इथंच बसतो," हरिचंद्र म्हणाले. "देव माझा खंडोबाच, ते वेणूबाईलापण माहीत होतं. पण बुधवारी तुम्ही तिथं, मी इथं. मोडायचं नाही. सोळा जण आहेत ना अजून?"

"अकरा."

"अकराच?" त्यांचा चेहरा पडला. "पाच कुठं गेले?"

मी म्हणालो, वय झाले लोकांचे. खरी गोष्ट सांगायची वेळ तीच होती. पण चहा आला आणि मी चहा प्यायलो.

कौसाबाई रिक्षापर्यंत सोडायला आल्या. "भाऊ, ते तुमच्याशी हसून बोलले, पण मला माहीताय. त्या माणसाचा सगळा आठवडा बुधवारावर टांगलेला आहे. बुधवार गेला तर माणूस जाईल. एवढं बघा."

परतल्यावर मी सभेच्या खोलीवर जाऊन पाळकसाहेबांना सगळे सांगितले. मालिनीबाई तिथेच पेटीचे भाते पुसत होत्या. पाळकसाहेब विचार करून म्हणाले, देवाला काळाचे बंधन नाही, आधी केलेल्या प्रार्थनेचे उत्तर तो नंतर देऊ शकतो.

"थांबा, मला समजू द्या," मालिनीबाई म्हणाल्या. "आपण तीन वर्षं त्याच्यासाठी प्रार्थना केली, तेव्हा तो पीत होता."

"हो."

"या शांतवनभाऊंनी," माझ्याकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या, "वही हरवली, त्या महिन्यात त्याने सोडली."

"हो."

"मग बाकीच्यांच्याही वह्या हरवायला द्या यांच्याकडे."

पाळकसाहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "काका, नाव परत घाला आणि येत्या बुधवारपासून वाचा. त्यांना सांगून काय मिळणार? तो माणूस पुन्हा प्यायला लागला तर त्याला आपण जबाबदार."

मला ते बरोबर वाटले. मला दुसऱ्याचे बोलणे सहसा बरोबरच वाटते. मी नाव पहिल्या वहीत उतरवले.

मंगळवारी हरिचंद्रांचा फोन आला. निघताना मी त्यांना माझा नंबर दिला होता. "मास्तर, अकराच आहेत हे काय मला बरं वाटेना. उद्या मी येऊन बसतो. एक तरी वाढेल."

ते सहा चाळीसलाच आले, धुतलेल्या शर्टात. मुकेशने त्यांना गिऱ्हाईक समजून बाथरूमच्या टाईल्स दाखवल्या, त्या त्यांनी नीट पाहून घेतल्या आणि मग वर आले. मी त्यांना माझ्या शेजारची खुर्ची दिली. गीत झाले, वाचन झाले. मी नावे वाचली. 'हरिचंद्र, सोनिवली' वाचले तेव्हा त्यांनी मान ताठ केली आणि सगळ्यांकडे एकदा पाहून घेतले.

आमच्यात अशी पद्धत आहे की ज्याच्यासाठी प्रार्थना करायची तो माणूस हजर असेल, तर त्याच्या शेजारी बसलेल्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. ही पद्धत मला वीस वर्षांपासून माहीत आहे. तरी खुर्ची देताना माझ्या लक्षात आले नाही. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. मालिनीबाईंनीही पाहिले. मग सगळ्यांनी डोळे मिटले, तेव्हा मला नाही म्हणायलाही कोणी उरले नाही.

मी हरिचंद्रांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "हे स्वर्गीय पित्या." एवढे पाठ होते. नंतर म्हणालो, "आम्ही दर बुधवारी तुझ्यापुढे..." आणि तिथे अडलो. खोलीतल्या माणसांपुढे मी ते वाक्य पुरे करू शकलो असतो. पाळकसाहेबांनी तसेच सुचवले होते. पण ते वाक्य त्या माणसांना उद्देशून नव्हते. ज्याला उद्देशून होते त्याला वही कुठे होती हे माहीत होते.

"पित्या," मी म्हणालो, "या माणसाचं नाव आम्ही सहा वर्षं घेतलं नाही. वही माझ्या कपाटात होती. त्याला वाटत होतं आम्ही बसलोय. आम्ही दुसऱ्यांसाठी बसलो होतो. तो एकटाच बसला होता. त्याच्या घरी चहा पिताना मी हे सांगितलं नाही. आता तो पुन्हा प्यायला लागला तर काय करायचं मला माहीत नाही. तू बघ."

आमेन म्हणायचे राहिले. कोणीच म्हटले नाही. माझ्या हाताखालचा खांदा उठला. मी डोळे उघडले तेव्हा हरिचंद्र दाराशी होते आणि जिना उतरत होते.

"काका," पाळकसाहेब हळूच म्हणाले. मालिनीबाई म्हणाल्या, "बसलात काय? जा ना मागे."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बार आहे. मी तिथपर्यंत जाण्याच्या तयारीनेच उतरलो, पण हरिचंद्र दुकानाच्या पायरीवरच बसले होते. समोर बारची पाटी दिसत होती. ते तिच्याकडे पाहत होते. मी शेजारी बसलो.

"सहा वर्षं," ते म्हणाले. "एकही दिवस नाही?"

"नाही."

"चुकून पण?"

"चुकून पण नाही."

त्यांनी पाटीवरची नजर काढली. मग म्हणाले, "मी घेत होतो तुमचं."

"काय?"

"नाव. वेणूबाईनं सांगितलेलं, ते तुझं घेतात तर तूपण त्यांचं घे, नुसतं बसू नको. मला कुठं नावं माहीत? मी म्हणायचो, अंबरनाथची सोळा माणसं बरी ठेव. तेवढंच यायचं. तेच म्हणत बसायचो तासभर."

"सहा वर्षं?"

"नऊ. दुपारची चढलेली असली तरी सात ते आठ म्हणायचोच." त्यांनी माझ्याकडे पाहिले. "पण त्यातले पाच गेले म्हणता. म्हणजे तेवढं वाया गेलं."

त्या सहा वर्षांत माझी एक शस्त्रक्रिया झाली होती. पत्नी गेल्यानंतरचे दोन पावसाळे मी कसे काढले ते मला आठवत नाही. आपल्यासाठी कोणी प्रार्थना करत असेल असे तेव्हा एकदाही मनात आले नव्हते, कारण माझे नाव मी कुठल्याच वहीत लिहिले नव्हते. हे सगळे मी त्यांना सांगायला हवे होते.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मला वाटत नाही वाया गेलं असं."

"तुम्हाला प्रार्थनेचं जास्त कळतं."

"नाही हो. मी फक्त नावं वाचतो."

मुकेशने आतून हाक मारली, "अंकल, शटर!" वरचे सगळे जिन्याने उतरू लागले आणि आम्हाला उठून वाट द्यावी लागली. हरिचंद्र एकेकाकडे पाहत उभे राहिले. मालिनीबाई उतरल्या तेव्हा त्यांनी विचारले, "बाई, तुमचं नाव काय?"

"मालिनी. का?"

"लागेल," ते म्हणाले, आणि मागून येणाऱ्या पाळकसाहेबांना विचारले, "तुमचं?"

माझे धरून अकराही नावे झाल्यावर ते स्टेशनकडे निघाले. वाटेत बार होताच. ते त्याच्या पुढे गेले की आत गेले हे मला दार कोपऱ्यापलीकडे असल्यामुळे दिसले नाही, आणि मागे जाऊन बघणे मला बरे वाटले नाही.

पुढचा आठवडा मी फोन केला नाही. केला असता तर काय विचारले असते? बुधवारी सातला पाच मिनिटे असताना मात्र खोलीच्या बाहेर उभे राहून केला. कौसाबाईंनी उचलला.

"भाऊ, ते ओट्यावर बसलेत," त्या म्हणाल्या. "कागद घेऊन. आता आठपर्यंत बोलायचे नाहीत. काही सांगायचं होतं?"

"नाही," मी म्हणालो. "चालू दे."

आत मालिनीबाईंनी पेटीवर सूर धरला होता. मी जाऊन खुर्चीवर बसलो आणि पिशवीतून दोन्ही वह्या काढल्या.