मार्च अठ्ठावीस, एकोणसत्तर

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी दोन फोटो आले. इंजिनाच्या ब्लॉकवर उठून आलेली लोखंडी अक्षरं : C 28 9. चंद्रशेखरनं ती दोन बोटांनी मोठी केली. ए जानेवारी, बी फेब्रुवारी, सी म्हणजे मार्च; तारीख अठ्ठावीस, साल एकोणसत्तर. ब्लॉक ओतला तो दिवस. दुसऱ्या फोटोत त्याच ब्लॉकवर ठोकलेले आकडे : 0321. जोडणी, एकवीस मार्च. म्हणजे हे इंजिन ओतायच्या आठवडाभर आधीच जोडून तयार होतं... वा रे पठ्ठे!

फोटोंखाली ओहायोहून जावयाचा, अनुपमचा, रेकॉर्ड केलेला आवाज. "बाबा, एकोणसत्तरची मसल कार आहे, दांडग्या इंजिनाची, एकदम ओरिजिनल! मालक बोलतो, इंजिन जन्मापासून हेच. उद्या सकाळी त्याला हो-नाही सांगायचंय, मागे दुसरा उभाच आहे. तुम्ही पास केलं तर घेतो. बस."

नऊ वर्षांत जावयानं विचारलेला हा पहिला प्रश्न. आणि त्याच्या आवाजातला तो आनंद... पण एकतीस वर्षं फाउंड्रीत तपासनीस असलेल्या माणसाकडे शिक्के दोनच — पास नाहीतर रद्द. आकडे ठोकून बसवता येतात. इंजिन मागाहून बदललेलं असणार. रद्द. 'र' टाइप झाला, तेवढ्यात फोन वाजला. दीक्षितपुऱ्याहून थोरली बहीण, बेबीताई.

"काहून रे चंदू, फोन नाही उचलून राहिला? सरकारी हॅपी बर्थडे!"

"ताई, माझा वाढदिवस नोव्हेंबरात असतो."

"कागदावर आजच आहे ना? एक जुलै अठ्ठावन. अन् मी फेब्रुवारी अठ्ठावनची. पाच महिन्यांत दोन लेकरं — आईची कमालच होती! अच्छा चलो, शिरा आणून राहिली मी."

शाळेत घालायच्या घाईत वडिलांनी सांगितलेलं, हेडमास्तरांनी लिहिलेलं. त्या तारखेवर नोकरी लागली, त्याच तारखेवर संपली, आणि कुणी म्हणालं नाही की हा माणूस मागाहून बसवलाय... एक तारीख. आज एक तारीख.

एक तारीख! तपासनीस होण्याआधी साच्यांवर होतो तेव्हाची ती सकाळ — ज्यावरून साचा उठतो त्या नमुन्यावरची महिन्याची पट्टी बदलली, स्क्रू आवळला, चहाला गेलो, आणि दिवसाची पट्टी तशीच राहिली, मागच्या महिन्याची अठ्ठावीस. बेचाळीस नग न उजाडलेल्या तारखेचे निघाले, आणि मीच ते केलं होतं. फेब्रुवारीची अठ्ठावीस... बी काढून सी लावला असेल तिकडच्या साच्यावरच्या माणसानंही, एक मार्चला, आणि दिवस विसरला असेल. तसं असेल तर एकवीस मार्चची जोडणी अगदी बरोबर बसते. शिवाय लबाडी करणारा आधी तारखा जुळवून घेतो; न जुळणारी तारीख प्रामाणिक माणसाच्याच हातून सुटते — नेहमी? नेहमी नाही.

त्या न पाहिलेल्या अमेरिकन कामगाराला त्यानं मनातल्या मनात विचारलं, चहाला गेला होतास ना? आणि एकटाच हसला.

'र' पुसला.

"अनुपम," तो फोनमध्ये बोलला, "तारखा जुळत नाहीत. इंजिन बदललेलं असू शकतं. किंवा दिवसाची पट्टी बदलायची राहिली असेल. ती चूक मी स्वतः केलेली आहे. यातलं कुठलं खरं, ते मला सांगता येत नाही. इंजिन चालू करून मला आवाज ऐकव."

एकतीस वर्षांत असा शेरा त्यानं कधी दिला नव्हता. देऊन छातीत चक्क हलकं वाटत होतं. बाहेर बेबीताईची रिक्षा थांबली. सात एक्कावन्नला त्याच्या निरोपापुढे एकच खूण होती; निरोप गेला होता, ओहायोत अजून पोचला नव्हता.