सोफ्यापासून टीव्हीपर्यंत

इंदूबाई पडल्या त्या शुक्रवारी दुपारी घरात सगळेच होते, पण पडताना कोणी पाहिलं नाही. त्यांचे यजमान दत्तोपंत आत पेपरातलं कोडं सोडवत होते. मुलगा शौनक शिर्डीच्या हॉटेलातली गुरुवारची रात्रपाळी करून झोपला होता. सून मनवा दार लावून कंपनीच्या मीटिंगमध्ये बसली होती. इंदूबाई गॅलरीतले वाळलेले कपडे दोन्ही हातांत घेऊन हॉलमधून आत येत होत्या. ढीग हनुवटीपर्यंत आलेला, त्यामुळे खालचं काही दिसत नव्हतं. वायरीत पाय अडकला आणि त्या कपड्यांसकट खाली आल्या.

वायर मनवाच्या की-बोर्डची होती. टीव्हीखालच्या कपाटात तिचा गेमचा कॉम्प्युटर होता आणि तिथून की-बोर्डची एक नि माऊसची एक, अशा दोन वायरी जोड लावून लांब केलेल्या, हॉल ओलांडून सोफ्यापर्यंत यायच्या. मनवा पुण्याच्या कंपनीचं काम घरून करायची. दिवसभर खुर्चीत बसून पाठीचा काटा ढिला झालेला असायचा, म्हणून संध्याकाळी सात वाजले की ती सोफ्यावर मांडी घालून टीव्हीवर गेम खेळायची. तासभर. कानाला हेडफोन लावून कोणाशी तरी बोलायची, हसायची. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि तेवढ्या काळात इंदूबाई त्यावर एक शब्दही बोलल्या नव्हत्या. पण सासूचं न बोलणं सुनेला बरोबर ऐकू येतं.

संगमनेरातल्या दवाखान्यात जाताना रिक्षात मनवाने त्यांचा हात धरला होता. "माझं चुकलं, आई," ती म्हणाली. "काल रात्री मी वायर गुंडाळली नाही वाटतं."

इंदूबाई कळवळत होत्या, त्यामुळे काही बोलल्या नाहीत. नंतर कळ थांबली, तरी बोलल्या नाहीत.

खरी गोष्ट अशी होती की मनवाने वायर गुंडाळली होती. नेहमीप्रमाणे सोफ्याच्या पायाशी नीट वेटोळं करून ठेवली होती. त्या सकाळी कामवाली आली नाही म्हणून इंदूबाईंनी स्वतः केर काढला, वेटोळं सोडून वायर झाडूने बाजूला सारली, नंतर ठेवू म्हणाल्या आणि विसरल्या. हे फक्त त्यांना ठाऊक होतं.

घोट्याजवळचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. बेडरूममध्ये वॉकर वळायला जागा नव्हती, म्हणून इंदूबाईंचं अंथरूण हॉलमधल्या सोफ्यावर आलं. मनवाने त्याच रात्री की-बोर्ड, माऊस आणि सगळ्या वायरी खोक्यात घालून खोकं माळ्यावर टाकलं. कॉम्प्युटरवर जुना टॉवेल झाकला. कोणी काही विचारलं नाही.

मग जे दिवस आले, ते इंदूबाईंना पुढे कधी विसरता आले नाहीत. सकाळी मीटिंगच्या आधी मनवा त्यांच्या प्लास्टरला प्लॅस्टिकची पिशवी बांधायची, त्यांना स्टुलावर बसवायची आणि आंघोळ घालायची. पहिल्या दिवशी इंदूबाई लाजेने भिंतीकडे बघत बसल्या. मनवा सहजपणे म्हणाली, "आई, मान जरा पुढे," आणि पाठीवर पाणी ओतलं. दुपारी ती दुसऱ्या पायाच्या टाचेला तेल चोळायची. "एकाच पायावर सगळा भार पडतोय, तो पण दुखेल ना." रात्री शौनकला शिर्डीतून यायला उशीर व्हायचा, आणि गुरुवारी रात्रपाळीमुळे तो यायचाच नाही, तेव्हा बाथरूमपर्यंत त्यांना धरून तीच न्यायची. एवढं करताना तिच्या तोंडावर कंटाळा कधी दिसला नाही. हसू मात्र दिसायचं बंद झालं होतं.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी मनवा गॅलरीत फोनवर बोलत होती. दार नीट लागलेलं नव्हतं.

"नको, धवल. आता नाही खेळणार मी," ती म्हणत होती. "अरे, वायर टाकायची म्हणजे परत कोणाचा तरी पाय अडकायचा. आणि बिनवायरचा माऊस मी पूर्वी आणला होता की. मध्येच अडकायचा, तुला आठवतंय ना, तूच वैतागायचास. जाऊ दे. फोन करत जाऊ."

मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मलाही करमत नाही रे."

धवल म्हणजे तिचा धाकटा भाऊ, बंगळूरला नोकरीला. मनवा बारावीत असताना त्यांची आई गेली आणि वडील कामापायी बाहेरगावी, त्यामुळे ही दोघं एकमेकांच्या आधाराने वाढलेली. हे इंदूबाईंना लग्न ठरवतानाच कळलं होतं. संध्याकाळी हेडफोनवर बोलणारं माणूस तोच आहे, हे मात्र आज कळलं. सात ते आठ हे त्या पोरीचं माहेर होतं, आणि ते माळ्यावर जाऊन पडलं होतं.

त्या रात्री इंदूबाई जेवल्या नाहीत. दत्तोपंतांना म्हणाल्या, "अहो, उद्या रेश्माला फोन लावून द्या."

इंदूबाईंनी राजूरच्या शाळेत बावीस वर्षं गणित शिकवलं होतं. रेश्मा तिथली विद्यार्थिनी, राजूरजवळच्या एका वाडीतली. आता संगमनेरात बसस्टँडजवळ तिचं कॉम्प्युटर विकायचं आणि दुरुस्त करायचं दुकान होतं. ती अजूनही रस्त्यात भेटली की वाकून नमस्कार करायची.

"बाई, तुमी गेम खेळणार?" रेश्माने फोनवर विचारलं.

"मी नाही गं. सुनेसाठी पाहिजे. की-बोर्ड-माऊस वायरचा घ्यावा की बिनवायरचा, तेवढं सांग."

"असं फोनवर न्हाई सांगता येत, बाई. टीव्हीपासून सोफा किती लांब हाय, मधून कोन येतं-जातं, ते बघावं लागंल. मीच येते."

मनवा महिन्यातून एकदा पुण्याच्या ऑफिसात जायची. सोमवारी ती सकाळच्या गाडीने गेली आणि दुपारी रेश्मा तीन खोकी घेऊन हजर झाली. दत्तोपंतांनी तोवर टेपने अंतर मोजून ठेवलं होतं. साडेअकरा फूट.

"ह्ये बघा," रेश्मा सतरंजीवर बसत म्हणाली. "वायरीला तोड न्हाई. बटन दाबलं की त्याच क्षणाला पोचलं. चार्जिंगची कटकट न्हाई. सूनबाई टेबलाशी बसून खेळत असत्या, तर मी दुसरं दाखवलंच नसतं. दुसरा ह्यो ब्लूटूथचा, आन् तिसरा बी बिनवायरचाच, पन ह्याच्यासंगं ही एवढीशी पिन येती. ती कॉम्प्युटरला खोचायची."

"दोन्ही बिनवायरचेच. मग फरक काय?"

"तुमीच बघा की. परीक्षा घ्या."

तिने कॉम्प्युटरवर एक साधा खेळ टाकला. वरून चेंडू पडायचा आणि तो जमिनीला टेकायच्या आत खालची फळी सरकवून झेलायचा. इंदूबाईंनी उशीला टेकून, प्लास्टरचा पाय लांब करून, आयुष्यात पहिल्यांदा गेम खेळायला माऊस हातात घेतला. प्रत्येकाला वीस चेंडू ठरले. दत्तोपंत कागदावर गुण मांडायला बसले.

वायरच्या माऊसला चौदा गुण मिळाले. ब्लूटूथला अकरा.

"जरासा मागं राहतोय," इंदूबाई म्हणाल्या. "हात थांबल्यावर फळी थांबते."

"बरोबर पकडलं. सगळे तसे नसत्यात, पन ह्यो गेमसाठी मी देनार न्हाई."

पिनवाल्याला नऊच मिळाले. फळी मध्येच थबकायची, मग एकदम उडी मारायची. इंदूबाईंनी माऊस खाली ठेवला. मनवा फोनवर म्हणाली होती ते हेच असणार.

रेश्मा उठून कपाटाजवळ गेली, मागे हात घालून चाचपलं आणि मान हलवली. पिन तिने कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला खोचली होती. पुढे कॉम्प्युटरचा पत्र्याचा डबा, बाजूला वायरींचा गुंता, वर टीव्ही. "माझीच चूक. एवढ्यातून तिला ऐकू यायचं कसं? सगळेजन हितंच फसत्यात, बाई. म्हनत्यात बिनवायरचा वाईट." तिने पिशवीतून हातभर लांबीची एक वायर काढली, पिन तिच्या टोकाला लावली आणि ते टोक टीव्हीच्या समोर, सोफ्यावरून दिसेल असं चिकटपट्टीने बसवलं.

आता सतरा गुण मिळाले.

दत्तोपंत म्हणाले, "म्हणजे हाच पहिला आला."

"थांबा," इंदूबाई म्हणाल्या. "मला आता सराव झालाय. वायरवाल्यावर अन्याय नको. त्याला परत द्या."

वायरवाल्याला परत वीस चेंडू दिले. अठरा आले.

"एक गुण वायरीला जास्त," दत्तोपंतांनी जाहीर केलं.

"तो एक गुण मी सोडला," इंदूबाई म्हणाल्या. "पिनवाला ठेव, रेश्मा."

एक अडचण राहिली होती. सोफ्याच्या मऊ कापडावर माऊस नीट चालत नव्हता. दत्तोपंतांनी कपाटातून परीक्षेला वापरायचा जुना पुठ्ठ्याचा पॅड शोधून आणला. मांडीवर पॅड, पॅडवर माऊस, शेजारी उजवीकडचे आकडे नसलेला आखूड की-बोर्ड, असं ते जमलं. रात्री झोपण्याआधी दोन्ही चार्जिंगला लावायचे, हे रेश्माने दोनदा बजावलं. पैसे घेतल्याशिवाय इंदूबाईंनी तिला जाऊ दिलं नाही, आणि निघताना तिचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

"बाई, माझी भूमिती तुमी शाळा सुटल्यावर घेतली हुती," रेश्मा म्हणाली. "ह्ये तर काहीच न्हाई."

मनवा साडेसहाला आली. पायातली चप्पल काढताना तिची नजर टीव्हीकडे गेली. टॉवेल काढलेला होता. मग सोफ्यावरचा की-बोर्ड दिसला.

"हे काय, आई?"

"तुझ्यासाठी आणलंय. वायर नाही. मधेच अडकत पण नाही, मी स्वतः बघितलंय."

मनवा जागेवरच उभी राहिली. "कशाला आणलंत? मी खेळणं बंद केलंय."

"बस जरा," इंदूबाई म्हणाल्या. दत्तोपंत पेपर घेऊन आत निघून गेले. "मनवा, मी पडले त्याच्या आदल्या रात्री तू वायर गुंडाळली होतीस. सकाळी केर काढताना मी सोडली आणि तशीच ठेवली. मी माझ्याच चुकीने पडले. रिक्षात तू चुकलं म्हणालीस तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. तू एवढं करत होतीस, मला ते घेताना बरं वाटत होतं, आणि सांगितलं तर तू काय म्हणशील याची भीती वाटत होती."

मनवाचा चेहरा लाल झाला. ती म्हणाली, "तीन आठवडे मी रोज आठवतेय. मला गुंडाळल्याचंच आठवत होतं. वाटायचं, मी स्वतःची समजूत काढतेय."

"हो. ते मी तुझ्यावर लादलं."

मनवा तिच्या खोलीत निघून गेली. दार लागलं. इंदूबाईंना वाटलं, आता ती बाहेर येणार नाही, आणि नाही आली तरी ते तिचं बरोबरच आहे. बाहेर अंधार पडत होता. त्यांनी दिवा लावायला कोणाला हाक मारली नाही.

अर्ध्या तासाने दार उघडलं. मनवाने तोंड धुतलं होतं. तिने दिवा लावला, टीव्हीजवळ जाऊन ती चिकटपट्टीने लावलेली पिन वाकून निरखून बघितली.

"ही समोर काढायचं कोणी सुचवलं?"

"रेश्माने. मागे ठेवलं तर तिला ऐकू येत नाही म्हणाली."

"माझा आधीचा म्हणजे याच्यामुळेच अडकत असणार," मनवा स्वतःशीच म्हणाली. मग सोफ्याच्या टोकाशी येऊन तिने इंदूबाईंचा प्लास्टरचा पाय उचलून उशीवर जरा बाजूला ठेवला आणि रिकाम्या झालेल्या जागेत बसली. पॅड मांडीवर घेतला. हेडफोन आतल्या खोलीत राहिले होते. ते आणायला ती उठली नाही. धवलला फोन लावून तिने स्पीकर चालू केला.

"ताई? झालं काय?"

"काही नाही. ये ऑनलाइन."

पलीकडून धवल म्हणाला, "खरंच?"

"आईंनी नवा की-बोर्ड आणलाय. इथंच आहेत, ऐकतायत."

"काकू," धवल म्हणाला. "थँक्यू. मी रोज सात वाजता फोन हातात घेऊन बसायचो."

"बोला तुम्ही," इंदूबाई म्हणाल्या. "मी बघते."

पडद्यावर एक नदी होती आणि बहीण-भाऊ तिच्यावर पूल बांधत होते. इंदूबाईंना त्यातलं फारसं कळलं नाही. पण मनवाची बोटं त्या छोट्या की-बोर्डवर भराभर चालत होती, आणि पुलाचा एक खांब धवलने वाकडा लावला तेव्हा ती मोठ्याने हसली. महिना होत आला होता तिचं हसू ऐकून. आतून दत्तोपंत दाराशी येऊन उभे राहिले आणि कोणाला कळायच्या आत परत गेले. इंदूबाई उशीला टेकून मनात एकेकाचं नाव घेत होत्या. रेश्मा. रजा टाकून दवाखान्यात बसून राहिलेला शौनक. टेप घेऊन जमिनीवर गुडघे टेकणारे म्हातारे दत्तोपंत. आणि ही, पायाशी बसलेली.

आठ वाजता खेळ संपला. मनवाने पानं घेतली. इंदूबाईंचं ताट तिने नेहमीसारखं स्टुलावर ठेवलं, वरणात लिंबू पिळलं, आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "आई, सांगितलंत ते बरं केलंत."

"फार उशीर केला."

"हो, केलात," मनवा म्हणाली. मग स्वतःचं ताट घेऊन ती त्यांच्याजवळच सतरंजीवर जेवायला बसली.